कॅफेतून कॉमिक्समध्ये: ‘टेक ऑन मी’च्या व्हिडिओचं प्रकरण

या व्हिडिओवरचं बहुतेक लिखाण पहिल्या ओळीत ‘रोटोस्कोपिंग’ (खऱ्या माणसांचं चित्रीकरण एकेक फ्रेम गिरवून त्याची रेखाचित्रं करणं) म्हणतं आणि तिथेच बसकण मारतं. तंत्राचं नाव कळलं म्हणजे व्हिडिओ कळला, असा काहीसा समज असतो. पण रोटोस्कोप काही १९८५ साली जन्मलेलं नाही. अ‍ॅनिमेटर मॅक्स फ्लायशर यांनी त्याच्या पेटंटचा अर्ज १९१५ मध्ये केला होता. सत्तर वर्षांचं जुनं तंत्र या एका व्हिडिओत इतकं चपखल का बसलं, हे त्याच्या नावावरून कळत नाही. ते कळतं कथानक, कट (एका शॉटवरून दुसऱ्या शॉटवर होणारी उडी) आणि कॅमेरा ही तिन्ही एकत्र मांडून पाहिल्यावर.

इथे तेच केलं आहे. हाताशी व्हिडिओ, कागद आणि दोन-तीन तास असले तर पुढची प्रत्येक पायरी कुणालाही करून पाहता येईल.

प्रकरणाची पार्श्वभूमी

आ-हा हा नॉर्वेचा तिघांचा बँड: मॉर्टन हार्केट (गायन), मॅग्ने फुरुहोल्मेन (कीबोर्ड) आणि पॉल वॉक्टार (गिटार). ‘टेक ऑन मी’ हे त्यांचं गाणं १९८४ मध्ये टोनी मॅन्सफील्ड यांच्या निर्मितीत एकदा येऊन गेलं. त्याचाही व्हिडिओ होता, निळ्या पार्श्वभूमीवर बँड गाताना दाखवणारा साधासुधा. गाणं चाललं नाही. १९८५ मध्ये अ‍ॅलन टार्नी यांच्यासोबत ते नव्याने ध्वनिमुद्रित झालं आणि स्टीव्ह बॅरन यांनी नवा व्हिडिओ दिग्दर्शित केला. चित्रीकरण लंडनमधल्या एका कॅफेत आणि स्टुडिओत झालं. रेखाटनाचं काम मायकेल पॅटरसन आणि कॅन्डेस रेकिंजर यांनी केलं. ऑक्टोबर १९८५ मध्ये गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. १९८६ च्या एमटीव्ही पुरस्कारांत व्हिडिओला ८ नामांकनं आणि ६ पुरस्कार मिळाले. वर्षातल्या सर्वोत्तम व्हिडिओचा मान मात्र डायर स्ट्रेट्स या बँडच्या ‘मनी फॉर नथिंग’ने नेला. तोही बॅरन यांचाच, म्हणजे ते हरले ते स्वतःकडूनच.

इथे एक सापळा आहे. ‘पहिला व्हिडिओ बँडच्या सादरीकरणाचा होता म्हणून पडला, दुसरा गोष्टीचा होता म्हणून चालला’ असं वाक्य लिहायचा मोह प्रत्येकाला होतो. पण दोन्ही वेळचं ध्वनिमुद्रण वेगळं होतं आणि निर्माता वेगळा होता. एका वेळी दोन-तीन गोष्टी बदलल्या असताना यशाचं सगळं श्रेय एकीच्या पदरात टाकता येत नाही. दोन व्हिडिओ शेजारी ठेवून पाहायला हरकत नाही, पण ते पडद्यावर काय वेगळं घडतं हे पाहण्यासाठी. विक्रीची कारणं त्यातून निघणार नाहीत.

गोष्ट

कॉमिक्सच्या पानांवर मोटरसायकल-साइडकारची शर्यत चालू आहे. नायकाच्या मागे दोन प्रतिस्पर्धी लागलेत. एक तरुणी कॅफेत बसून हे कॉमिक्स वाचते आहे. वेट्रेस कॉफी आणि बिल ठेवून जाते. पानावरचा नायक तिला डोळा मारतो. मग पानातून पेन्सिलीने काढलेला हात बाहेर येतो, ती तो धरते आणि आत जाते. आत गेल्यावर तीही रेखाचित्र होते. तिथे आरशासारखी एक चौकट आहे: तिच्या एका बाजूला माणसं खरी दिसतात, दुसऱ्या बाजूला पेन्सिलीची. तो तिच्यासाठी गातो.

इकडे कॅफेत वेट्रेस परत येते. टेबल रिकामं, बिल तसंच. पोरगी पैसे बुडवून पळाली असं समजून ती रागाने कॉमिक्स चुरगाळते आणि कचऱ्याच्या डब्यात फेकते. त्याबरोबर आत ते दोन प्रतिस्पर्धी उगवतात, एकाच्या हातात भलामोठा पाइप पाना. ते चौकट फोडतात. नायक एकाला ठोसा मारतो आणि दोघं कागदाच्या भुलभुलैयात पळतात. पुढे रस्ता बंद. तो कागदाची भिंत फाडून तिला बाहेर काढतो आणि स्वतः अडकतो. ती डब्याशेजारी पडलेली सापडते, कॉमिक्स उचलून घरी धावते, पानं सपाट करते. पुढच्या चौकटीत तो निपचित पडला आहे. ती रडते. तो जागा होतो, चौकटीवर धडका मारू लागतो, आणि त्याच वेळी तिच्या घराच्या बोळात त्याची आकृती दिसते: घडीत चित्र, घडीत माणूस, या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळणारी. अखेर तो माणूस होतो. ती धावत जाते, तो तिला मिठीत घेतो.

हे सगळं सुमारे चार मिनिटांत आणि एकही संवाद नसताना. वर गोष्ट सांगायला जेवढी वाक्यं लागली त्यावरून अंदाज येईल की मजकूर किती गच्च भरला आहे. तरी पहिल्यांदा पाहणाराही गोंधळत नाही. का गोंधळत नाही, हाच या प्रकरणाचा प्रश्न.

आधी नोंदतक्ता

प्रश्नाला भिडण्याआधी शॉटची, म्हणजे दोन कटांमधल्या सलग तुकड्यांची, यादी हवी. व्हिडिओ तीनदा पाहावा: एकदा आवाज बंद करून, एकदा पडद्याकडे पाठ करून फक्त ऐकत, आणि तिसऱ्यांदा दोन्ही मिळून. पहिल्या फेरीत गोष्ट लिहायची, दुसरीत गाण्याचे भाग (सुरुवातीची सिंथची धून, कडवी, ध्रुवपद, मधला वाद्यांचा तुकडा, शेवट) वेळेसह मांडायचे. तिसऱ्या फेरीत तक्ता. त्यात एवढे रकाने पुरतात: शॉट क्रमांक, सुरुवातीची वेळ, फ्रेममधली (एकेका स्थिर चित्रात मोजलेली) लांबी, पोत (चित्र, खरं की दोन्ही), शॉटचा आकार, कॅमेऱ्याची हालचाल, ओठ हलतात का, महत्त्वाची वस्तू, गाण्याचा भाग.

यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून स्वल्पविरामाची आणि पूर्णविरामाची कळ दाबली की एकेक फ्रेम मागे-पुढे जाता येतं. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कट आपोआप ओळखण्याची सोय असते, पण या व्हिडिओत तिच्यावर विसंबू नये. ती सोय लागोपाठच्या दोन फ्रेममधला फरक मोजते. रोटोस्कोपमध्ये प्रत्येक चित्र नव्याने काढलेलं असल्यामुळे रेघा सतत थरथरतात, आणि ही थरथर यंत्राला कट वाटू शकते. उलट एकाच रचनेत माणूस चित्राचा खरा होतो तिथे यंत्र गप्प राहण्याचा संभव. यंत्राची यादी कच्चा मसुदा म्हणून घ्यावी आणि डोळ्यांनी तपासावी.

‘शॉट’ कशाला म्हणायचं, हे मोजणीआधीच ठरवून घ्यावं. आरशाच्या चौकटीच्या आत-बाहेर पोत बदलतो तो कट नव्हे, कारण प्रतिमा तुटत नाही. कॉमिक्सच्या पानावर एका चौकटीतून दुसरीत कॅमेरा सरकला तर तोही कट नव्हे, मात्र त्याची वेगळी खूण करावी, कारण पाहणाऱ्याच्या दृष्टीने तिथे प्रसंग बदलतो. हे नियम तक्त्याच्या माथ्यावर लिहून ठेवले नाहीत तर शॉट साठपर्यंत पोचेतो आपण आपलेच निकष बदललेले असतात.

सरासरी लांबीचं गणित सोपं आहे. समजा २२५ सेकंदांत ९० शॉट निघाले, तर सरासरी अडीच सेकंद. पण हा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. दोन लांब शॉट आले की सरासरी फुगते आणि बाकीच्या ठिकाणची घाई झाकली जाते. म्हणून मध्यक (लांबीच्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढावा, आणि त्याहून उपयोगी म्हणजे गाण्याच्या प्रत्येक भागाचा मध्यक वेगळा काढावा.

फाइलचा वेगही आधी तपासावा. चित्रपटाचे सेकंदाला २४ फ्रेम जुन्या अमेरिकी व्हिडिओ पद्धतीत सुमारे ३० करताना दर चार फ्रेमच्या पाच केल्या जात, आणि त्या पाचांतल्या दोन शेजारच्या फ्रेमच्या मिसळीतून बनत. अशा प्रतीत नेमका कट कुठल्या फ्रेमवर आहे ते धूसर होतं. युरोपी पद्धतीत २४ चे २५ करताना सगळंच सुमारे ४ टक्के वेगाने पळतं. २२५ सेकंदांचं गाणं २१६ वर येतं आणि स्वरही चढतो. या व्हिडिओची ४के आवृत्ती २०१९ मध्ये आली आहे, शक्यतो तीच वापरावी. दोन जणांचे तक्ते जुळत नसतील तर भांडण्याआधी दोघांनी कुठली प्रत पाहिली ते विचारावं.

पोत हाच स्थळदर्शक शॉट

आता तक्त्यातला पोताचा रकाना वरून खाली वाचावा. एरवी दोन ठिकाणी आलटून-पालटून चालणारी गोष्ट सांगताना प्रत्येक वेळी जागा सांगावी लागते: इमारत बाहेरून, खोली रुंद शॉटमध्ये, मग माणसं. या व्हिडिओत त्याची गरजच उरत नाही. पेन्सिलीची काळी-पांढरी रेघ दिसली की आपण कागदावर, रंगीत चित्रीकरण दिसलं की कॅफेत किंवा घरात. नुसतं बोट किंवा डोळा दाखवला तरी जागा कळते. स्थळ सांगण्याचं काम पोताने उचललं, म्हणून संकलक थेट क्लोजअपवरून क्लोजअपवर उडी मारू शकतो. चार मिनिटांत एवढी गोष्ट मावली ती या बचतीमुळे.

माझ्या मते रोटोस्कोपचं इथलं खरं काम हे आहे. नवल आणि सौंदर्य आहेच, पण पाहणारा हरवत नाही तो पोतामुळे.

तपासून पाहायचं असेल तर सोपा प्रयोग आहे. व्हिडिओचा मधला भाग, वेट्रेस टेबलाशी परतते तिथपासून तरुणी डब्याशेजारी सापडते तिथपर्यंत, संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यावा. रंग काढून टाकावेत आणि सगळ्यावर भरपूर धूसरपणा चढवावा, म्हणजे रेघ आणि कातडी यांतला फरक बुजेल. ज्याने व्हिडिओ कधी पाहिलेला नाही अशा कुणाला तो दाखवावा आणि कोण कुठे आहे ते विचारावं. रेघ बुजली की तेच कट किती तुटक वाटतात ते लगेच ध्यानात येतं.

रेघेची थरथरही फुकट जात नाही. स्थिर बसलेल्या माणसाचं चित्र प्रत्येक फ्रेमला नव्याने काढलं की रेघ किंचित हलते आणि चित्र श्वास घेतल्यासारखं दिसतं. त्यामुळे ज्या शॉटमध्ये फारसं काही घडत नाही तोही थोडा जास्त वेळ तोलून धरता येतो.

हे स्वस्तात झालेलं नाही. सुमारे ३,००० फ्रेम रेखाटायला १६ आठवडे लागले. म्हणजे एकही सुट्टी न धरता दिवसाला २७ चित्रं. प्रत्येक फ्रेमला वेगळं चित्र धरलं तर सेकंदाला २४ प्रमाणे ३,००० चित्रांतून १२५ सेकंद निघतात, तेही खऱ्या माणसांवर आधी चित्रीकरण करून घेतल्यानंतर. यातून संकलनाबद्दल एक गोष्ट सरळ निघते: इतकी महागडी चित्रं ढिगाने काढून नंतर टेबलावर कापत बसता येत नाहीत. कुठला शॉट किती फ्रेमचा, हे बऱ्याच अंशी रेखाटन सुरू होण्याआधीच ठरवावं लागतं. अशा कामात पटकथा, चित्रफलक (स्टोरीबोर्ड) आणि संकलन या तीन पायऱ्या एकमेकींत मिसळतात. म्हणून ‘संकलनात गोष्ट सापडली’ छापाचं वाक्य इथे बेतानेच वापरावं.

सीमा ओलांडण्याचा हिशोब

दोन जगं झाली की त्यांच्यामधली सीमा आली. कथानक तपासण्याची सगळ्यात फायद्याची पायरी म्हणजे ही सीमा कितीदा आणि कशी ओलांडली जाते ते नोंदवणं.

पहिल्यांदा फक्त नजर पार होते, डोळा मारण्यातून. मग हात. मग तरुणीचं अख्खं शरीर. आरशाच्या चौकटीत दोन्ही जगं एकाच प्रतिमेत शेजारी उभी राहतात. त्यानंतर बाहेरचा राग आत पोचतो, कागद चुरगाळण्यातून. चौकट फुटते आणि सीमा बंद होते. भिंत फाडून ती पुन्हा उघडली जाते, पण एकीपुरतीच. ती पान सपाट करते, म्हणजे बाहेरून आत जायचा प्रयत्न करते. शेवटी तो बोळात येतो. नऊ वेळा सीमेशी झटापट आहे आणि दर वेळी रीत निराळी.

हाताचा शॉट इथे पुन्हा पाहण्यासारखा आहे. हात पानाबाहेर, खऱ्या कॅफेत येतो, पण पेन्सिलीचाच राहतो. म्हणजे बाहेर येणं आणि खरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा नियम व्हिडिओने सुरुवातीलाच सांगून टाकला. तरुणी आत गेल्यावर विनासायास चित्र होते. उलटा प्रवास मात्र इतका सोपा नाही. बोळातल्या धडका लागतात त्या याचसाठी: तो बाहेर तर आला आहे, पण पोत बदलायचा बाकी आहे. हा नियम हाताच्या शॉटमध्ये पेरला नसता तर शेवटची झटापट उगाच लांबवल्यासारखी वाटली असती. बोळातल्या या प्रसंगाचं ‘ऑल्टर्ड स्टेट्स’ या १९८० च्या चित्रपटाच्या शेवटाशी नातं आहे, हेही ठाऊक असावं. पण तेवढं सांगून थांबलं तर पुन्हा नाव सांगून बसण्यासारखंच झालं.

वेट्रेसचा प्रसंग संकलनाच्या दृष्टीने सगळ्यात कसदार. आलटून-पालटून कट करण्याचे साधारण दोन हेतू असतात: ‘त्याच वेळी दुसरीकडे’ सांगणं, किंवा ‘इथल्यामुळे तिथे’ सांगणं. इथे दुसरा आहे. कागद चुरगाळणं हे कारण, प्रतिस्पर्धी उगवणं हा परिणाम. दोन शॉट एकमेकांना लागूनच असल्यामुळे कारण-परिणाम वाचला जातो. मध्ये तिसरंच काही घातलं तर तो धागा तुटतो आणि प्रतिस्पर्धी योगायोगाने आल्यासारखे वाटतात. तक्त्यात अशा जोड्या ओळखून ‘मुळे’ किंवा ‘त्याच वेळी’ एवढा एक शब्द लिहिला तरी पुरे. बऱ्याच म्युझिक व्हिडिओंत ‘मुळे’ एकदाही लिहावा लागत नाही, हे दोन-चार तक्ते केल्यावर लक्षात येतं.

वेट्रेस खलनायिका नाही, हेही पाहावं. तिच्या बाजूने तिचं बरोबरच आहे: गिऱ्हाईक गायब आणि बिल बाकी. हा हेतू कळतो तो एका वस्तूमुळे. बिल आधीच टेबलावर ठेवलेलं दाखवलं आहे. संवाद नसलेल्या गोष्टीत हेतू वस्तूंवर लादावे लागतात. म्हणून वस्तूंचा रकाना: कॉमिक्स, बिल, पाना, डबा. आवाज बंद करून पाहताना प्रत्येक वस्तू पहिल्यांदा कुठे दिसली आणि कामाला कुठे आली, हे दोन आकडे लिहावेत. एखादी वस्तू कामाला आली पण आधी दिसलीच नव्हती, तर पाहणारा बहुधा तिथेच अडखळतो.

‘ठोक्यावर कट’ म्हणण्याआधी

म्युझिक व्हिडिओच्या विश्लेषणात सगळ्यात जास्त लिहिलं जाणारं आणि सगळ्यात कमी तपासलं जाणारं वाक्य म्हणजे ‘कट ठोक्यावर आहेत’. या गाण्यात ते वाक्य विशेष धोक्याचं आहे, कारण गाणं जलद आहे.

गती मिनिटाला सुमारे १६९ ठोके. ६० भागिले १६९ म्हणजे एक ठोका ०.३५५ सेकंदांचा, सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशोबाने साडेआठ फ्रेमचा. कट ठोक्याच्या दोन फ्रेम अलीकडे किंवा पलीकडे पडला तरी कानाडोळ्याला तो ठोक्यावरच वाटतो, असं धरू. म्हणजे प्रत्येक ठोक्याभोवती पाच फ्रेमची खिडकी झाली. साडेआठांतल्या पाच म्हणजे जवळपास ५९ टक्के. याचा अर्थ, डोळे मिटून कुठेही कट मारले तरी त्यांतले निम्म्याहून अधिक ‘ठोक्यावर’ निघतील. अशा मापाने काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून माप मोठं घ्यावं. चार ठोक्यांचं आवर्तन ३४ फ्रेमचं. त्याच्या पहिल्या ठोक्याभोवती तीच पाच फ्रेमची खिडकी ठेवली तर योगायोगाने पडणारे कट १५ टक्क्यांच्या आसपास. समजा ८० कट मोजले, तर नुसत्या नशिबाने १२ आवर्तनाच्या तोंडाशी पडतील. १४ निघाले तर गप्प बसावं. ३५ निघाले तर संकलकाने समेकडे पाहून कापलं आहे असं लिहायला आधार आहे. मंद गाण्यात हे संकट कमी. मिनिटाला ७० ठोके असतील तर एक ठोका साडेवीस फ्रेमचा होतो आणि तीच खिडकी २४ टक्क्यांवर येते.

हिशोब करताना आपल्या फाइलची गती आपण मोजावी. २५ च्या वेगाने पळणाऱ्या प्रतीत १६९ चे १७६ होतात आणि उधार घेतलेल्या आकड्यावरचं सगळं गणित घसरतं. मोजायची रीत: गाण्यात दूरदूरचे दोन स्पष्ट ठोके पकडायचे, मधले ठोके मोजायचे, मधल्या सेकंदांनी भागायचं आणि ६० ने गुणायचं. दहा ठोक्यांवरून काढलेली गती दोन-तीनने चुकू शकते, शंभरांवरून काढली तर चूक नगण्य.

कट सोडून हालचालींकडेही पाहावं. जलद गाण्यात प्रत्येक ठोक्याला कापलं तर शॉट आठ-नऊ फ्रेमचे होतील आणि गोष्ट वाचताच येणार नाही. अशा वेळी ताल शॉटच्या आत ठेवता येतो: ठोसा, आदळणं, कागद फाटणं, मान वळवणं. बोळातल्या धडका हे त्याचं नेमकं ठिकाण. तिथे कट किती आणि आदळण्याच्या हालचाली किती, हे दोन वेगळे आकडे काढून पाहावेत.

कॅमेरा कुणाच्या बाजूने आहे

कॅमेऱ्याबद्दल लिहिताना ‘क्लोजअपमुळे भावना दिसतात’ याने काही हाती लागत नाही. या प्रकरणात विचारायचा प्रश्न एकच: हे कुणाच्या डोळ्यांनी? कॅफेत आपण तरुणीबरोबर वाचतो. ती पान पाहते, मग पान दिसतं. पानाचा शॉट तिच्या नजरेचा ठरतो तो आधीच्या शॉटमुळे, आणि डोळा मारणं चटकन लागू पडतं तेही त्यामुळेच. तो डोळा तिला मारलेला आहे, पण कॅमेरा तिच्या जागी असल्याने आपल्यालाही. बँडच्या गायकाचा क्लोजअप दाखवणं ही तर कुठल्याही रेकॉर्ड कंपनीची नेहमीची मागणी. ती इथे गोष्टीतल्या एका वाचणाऱ्या मुलीच्या नजरेतून पुरवली आहे, त्यामुळे जाहिरात केल्यासारखी डोळ्यांवर येत नाही.

शेवटाकडे ही बाजू सैल होते. चौकटीवर धडका मारणारा तो कॉमिक्सच्या आत एकटा आहे, तिथे तिची नजर पोचणं कठीण. तक्त्यात प्रत्येक शॉटपुढे ‘तिची’, ‘त्याची’, ‘कुणाचीच नाही’ यांपैकी एक लिहून ही सरकती बाजू पाहावी.

कोण गातंय, कुणाला ऐकू येतंय

ओठांचा रकाना छोटा वाटतो, पण त्यातून बरंच उलगडतं. म्युझिक व्हिडिओत सादरीकरण आणि गोष्ट यांची सोयरीक जमवणं नेहमीच अवघड. सर्रास दिसणारा उपाय म्हणजे दोन्ही वेगळे चित्रित करून एकाआड एक लावणं: थोडा बँड, थोडी गोष्ट. इथे गाणाराच नायक आहे, तो कॉमिक्सच्या जगात तिच्यासाठी गातो, आणि बँडमधले बाकीचेही त्याच पेन्सिलीच्या जगात आहेत. सादरीकरण गोष्टीच्या पोटात गेलं. म्हणून गाताना दाखवलं तरी गोष्ट थांबल्यासारखी वाटत नाही.

कॅफेतल्या लोकांना हे गाणं ऐकू येत नाही, असंच व्हिडिओ वागतो. तरुणीला मात्र येतं, तेही आत गेल्यावर. म्हणजे गाणं हीसुद्धा त्या दुसऱ्या जगाची वस्तू झाली.

शब्दांशी नातं थोडक्यात. अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ च्या आपल्या अभ्यासात चित्र आणि गाणं यांच्यातलं नातं तीन प्रकारचं सांगितलं: चित्र गाण्याचंच सांगतं, त्यात भर घालतं, किंवा त्याच्याशी फटकून वागतं. इथे शब्दांचा गाभा ‘माझा स्वीकार कर, एक-दोन दिवसांत मी नसेन’ असा आहे. त्यात कॉमिक्स नाही, शर्यत नाही, वेट्रेस नाही. पण ‘मी नसेन’ ही धास्ती व्हिडिओने शब्दशः घेतली: कागदी माणूस कचऱ्यात जाऊ शकतो. हा दुसरा प्रकार, भर घालण्याचा. ओळ न् ओळ चित्राशी जुळवत बसलं तर हे सुटून जातं. जुळवायची ती ओळीमागची भीती.

प्रकरणाची हद्द

राहिला एक व्यावहारिक प्रश्न: विश्लेषण कुठे थांबवायचं? फाइल मिठीवर संपते आणि बहुतेक जण सुखान्त म्हणून वही मिटतात. पण याच बँडच्या पुढच्या व्हिडिओची, ‘द सन ऑलवेज शाइन्स ऑन टीव्ही’ची, सुरुवात ही गोष्ट पुढे नेते. तिथे नायक पुन्हा रेखाचित्र होऊ लागतो आणि तिच्यापासून दूर पळून जातो. हा तुकडा तक्त्यात घ्यायचा की नाही हे आधीच लिहून ठेवावं. घेतला तर वरच्या नऊ ओलांडण्यांना दहावी जोडली जाते, आणि बोळात एवढ्या धडका मारून मिळवलेला पोत टिकाऊ नव्हता असं लिहावं लागतं. न घेतला तर ‘अखेर तो माणूस होतो’ हे वाक्य तसंच राहील, फक्त त्याआधी ‘या व्हिडिओपुरतं’ असं घालावं लागेल.